घाट उतरून येणारे दूध

सिंधुदुर्गातल्या वालावलच्या तिठ्यावर सकाळी जो चहा उकळतो, त्यातले दूध बहुधा घाट उतरून आलेले असते. आदल्या दिवशी कोल्हापूरकडच्या एखाद्या गोठ्यात धार निघते, गावच्या संस्थेत तिचे फॅट लागते, दूध थंड होते, पिशवीत भरते आणि रातोरात टेम्पोने कुडाळात पोचते. तिथून पुढे नेरूर, वालावल, चेंदवण. गावाला कर्ली नदी आहे, लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून तळे आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढात पायवाटेवरसुद्धा गवत माजते. तरी चहापुरते दूध शंभर किलोमीटरच्या पलीकडून आणावे लागते.

हे आळसामुळे घडले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोकणी माणसाला शेणात हात घालायला नको, मुंबईची मनीऑर्डर हवी, हा आरोप घाटावरून होतो आणि दादर-परळात राहणारा कोकणी माणूसही तो मुकाट्याने मान्य करतो. मला तो मुळीच मान्य नाही. वालावलसारख्या गावात गायी का कमी झाल्या आणि दूध का वाढले नाही, याची कारणे हवेत, मातीत, चाऱ्यात आणि सरकारी हिशेबात आहेत. ती समजून घ्यायची तर आधी थोडे लांब, युरोपात जावे लागते. गायी तिथेही कमी होत आहेत, आणि आपण दुधाचा विचार ज्या मापाने करतो ते माप बरेचसे तिथूनच आलेले आहे.

१९८४ साली आजच्या युरोपीय संघाच्या जागी दहा देशांचा समुदाय होता. त्या दहा देशांत मिळून अडीच कोटींच्या आसपास दुभत्या गायी होत्या. सरकारने हमीभाव बांधून दिलेला असल्याने शेतकरी दूध वाढवत गेले. लोणी आणि दूधभुकटी गोदामांत साचून राहिली. अशाच आधीच्या साठ्यांतली भुकटी आणि बटर ऑइल भारताला देणगी म्हणून मिळाले. त्यापासून शहरांत दूध तयार करून विकायचे आणि आलेल्या पैशातून आपल्या सहकारी दूधसंस्था उभ्या करायच्या, ही १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ची आर्थिक बैठक होती. म्हणजे आपल्या दुग्धक्रांतीच्या पायातही युरोपातल्या जादा दुधाचे दगड आहेत. अखेर एप्रिल १९८४ पासून युरोपाने प्रत्येक देशाला दुधाचा कोटा लावला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दूध घातले की दंड. हा कोटा एकतीस वर्षे चालला आणि ३१ मार्च २०१५ रोजी संपला.

आज युरोपीय संघात सत्तावीस देश आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून दुभत्या गायी आहेत दोन कोटींच्या आसपास. दहा देशांत अडीच कोटी होत्या, सत्तावीस देशांत दोन कोटी उरल्या, आणि हा आकडा वर्षागणिक थोडा थोडा खालीच येतो आहे. दूध मात्र घटलेले नाही. वर्षाला १६ कोटी टनांच्या आसपास ते टिकून आहे. एका गायीमागे सरासरी आठ टनांच्या जवळपास दूध पडते. डेन्मार्कमध्ये आणि एस्टोनियात ही सरासरी दहा टनांच्या वर गेलेली आहे.

ही किमया एका दिवसात झालेली नाही. वळू निवडताना आधी त्याच्या मुलींच्या दुधाच्या नोंदी बघत, आता वासराच्या जनुकांवरूनच अंदाज बांधतात. कालवड हवी असेल तर बहुधा कालवडच होईल अशी रेतमात्रा वापरतात. मका आणि गवताचा मुरघास वर्षभर एकाच प्रतीचा मिळतो. धार काढणारे यंत्र गायीच्या गळ्यातला पट्टा ओळखून आपोआप सडांना लागते. आणि या सगळ्याला जो खर्च येतो तो न परवडणारे शेतकरी धंद्यातून बाहेर पडतात. जर्मनीत २०१० च्या सुमारास दुभती जनावरे पाळणारी नव्वद हजारांहून अधिक शेते होती. आता पन्नास हजारांच्या आसपास उरली आहेत. जे गेले ते प्रामुख्याने वीस-पंचवीस गायींवाले, म्हातारे होत चाललेले, आणि मुलगा शहरात नोकरीला असलेले. वालावलच्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही.

गेल्या काही वर्षांत तिथे गायी कमी होण्याला आणखी एक कारण जडले आहे, आणि ते आपल्याकडे कुणाला पटकन खरे वाटत नाही. ते कारण शेण. नेदरलँड्स हा सपाट, ओला, दाट वस्तीचा देश. तिथे पंधरा लाखांच्या घरात दुभत्या गायी आहेत. त्यांच्या शेणमुतातला नायट्रोजन आणि फॉस्फेट जमिनीतून पाण्यात उतरतो. एका हेक्टरवर वर्षाला जनावरांच्या खतातून १७० किलोपेक्षा जास्त नायट्रोजन पडू नये, असा युरोपचा १९९१ पासूनचा दंडक आहे. डच शेतकऱ्यांना त्यात बरीच वर्षे सवलत होती, ती आता काढून घेतली गेली. कोटा उठला तेव्हा त्यांनी गायी वाढवल्या, तर २०१७ मध्ये सरकारने फॉस्फेट कमी करण्यासाठी लाखाहून अधिक गायी कमी करवल्या आणि २०१८ पासून प्रत्येक गोठ्याला फॉस्फेटचे हक्क वाटून दिले. आता गाय वाढवायची तर आधी तिच्या शेणाचा हक्क विकत घ्यावा लागतो. जादा शेण दुसरीकडे नेण्यासाठी शेतकरी पदरचे पैसे मोजतो. डेन्मार्कने २०२४ साली त्याच्या पुढची पायरी गाठली. जनावरांपासून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर २०३० पासून कर लावायचा, असा सरकार, शेतकरी आणि पर्यावरण संघटना यांचा करार तिथे झाला.

शिवाय रोग. २०२३ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये ब्लूटंगचा नवा प्रकार आला आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशांत पसरला. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत कित्येक दशकांनंतर लाळ्या-खुरकूत सापडली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर आणि मग फ्रान्समध्ये लम्पी चर्मरोग पोचला. आपण लम्पी २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावपासून सुरू झालेला पाहिला आहे. युरोपात एका गायीला लागण झाली की सगळा कळप मारण्याचा नियम. आपण लसीवर भर दिला. आपल्या मार्गाने जनावरे खूप गेली, पण चार गायी असलेल्या माणसाचा अख्खा गोठा सरकारने रिकामा केला नाही, हे मला मोलाचे वाटते.

युरोपातही सगळीकडे दहा टनवाली गाय नाही. रुमानियात गायीमागे तीन-साडेतीन टन दूध निघते. एकदोन गायी, परसातला गोठा, गवत विळ्याने कापणे, उरलेले दूध शेजारी विकणे असे चित्र तिथल्या डोंगराळ गावांत अजून आहे. पण युरोपीय संघात शिरल्यापासून तिथल्या लहान गोठ्यांना कागदपत्रांचे ओझे झेपत नाही आणि तेही मिटत चालले आहेत.

आता वालावल. आपल्याकडे पशुगणना होते. २०१२ ते २०१९ या दोन गणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातला गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला. देशभरात देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला आणि संकरित व विदेशी गोवंश पाव हिश्शाहून अधिक वाढला. दूध वाढतच गेले; २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन २३ कोटी ९३ लाख टन झाले. युरोपात जे घडले त्याच दिशेला आपली वाट चालली आहे असे हे आकडे सांगतात. पण राज्याच्या सरासरीत वालावल दिसत नाही. कोल्हापुरात गायी बदलल्या आणि दूध वाढले. सिंधुदुर्गात गायी नुसत्याच गेल्या.

कारण वालावलची गाय दुधासाठी नव्हतीच. ती पाडे देण्यासाठी होती. दोन पाडे मोठे झाले की जोत तयार. त्या जोतावर मिरगानंतर नांगरणी, मग चिखलणी. वर्षभर शेण मिळायचे, ते भाताच्या कुणग्यात, माडाच्या आळ्यात, परसातल्या भाजीला. वासरू पिऊन उरेल ते दूध घरच्या चहाला आणि पोराला. ही गाय लहान चणीची, काळी, तांबडी, पांढरी, बांडी; दिवसाला दोन-अडीच लिटरवर तिची सरासरी जात नाही. कातळावरचे वाळके गवत खाऊन उतरणीवर चढणारी, चार महिने भिजूनही खूर न सडणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. त्यामागे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे काम आहे; त्याचे पशुप्रक्षेत्र याच कुडाळ तालुक्यात निळेलीला आहे. वालावलच्या बाईला गायीची जात कधी सांगावी लागली नव्हती. तिच्यासाठी ती ‘आमची गावठी’.

मग पॉवर टिलर आला. ज्या कुणग्याला दोन दिवस जोत लागे तो सकाळी सुरू करून जेवणापर्यंत उरकू लागला. टिलर भाड्याने मिळतो, त्याला बारा महिने चारा लागत नाही. बैलाचे काम गेले तसे पाड्याचे मोल गेले, आणि पाड्याचे मोल गेल्यावर त्याला जन्म देणाऱ्या गायीचेही गेले. २०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गायीवर ती आधीच होती. कायद्यामागची भावना मी समजू शकतो. पण बिनकामाचा पाडा विकायची वाट बंद झाली तेव्हा त्याला पोसायचे कुणी, याचे उत्तर त्या कायद्याबरोबर गावात आले नाही. आज महामार्गावर रात्री बसलेली मोकाट गुरे दिसतात त्यांत नर किती आहेत ते बघा.

माणसेही कमी झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. वाढत्या महाराष्ट्रात घटणारे जे मोजके जिल्हे होते त्यांत हा एक. पूर्वी वाडीतली गुरे पाळीपाळीने राखत. आज तुमचा गडी, उद्या आमचा पोरगा. भात कापून झाले की शेते सगळ्यांच्या गुरांना मोकळी. आता पाळी घ्यायला पोर नाही. कापणीनंतर कुणी भाजी करतो, कुणी काजूची कलमे लावतो, तिथे दुसऱ्याची गुरे शिरली की भांडण. ‘पोरां मुंबयक, गुरां राखतलो कोण?’ हे वाक्य या भागात इतके ऐकू येते की त्याला उत्तराची अपेक्षाही उरलेली नाही.

यावर सरकारी आणि सहकारी उपाय ठरलेला असतो, जास्त दूध देणारी गाय. होल्स्टिन फ्रिजियन, जिला सगळे एचएफ म्हणतात, ती मुळात नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातली आणि जर्मनीच्या उत्तर टोकाची. जर्सी इंग्लिश खाडीतल्या बेटावरची. म्हैस परवडली तर मुऱ्हा. कर्ज मिळते, अनुदान मिळते, घाटावरच्या बाजारातून जनावर येते. पहिल्या वेताला दूध बरे निघते. मग अडचणी एकेक करून वर येतात, आणि त्या पाळणाऱ्याच्या चुका नसतात.

पहिली अडचण हवेची. जनावराला उष्म्याचा ताण किती होतो हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, दमटपणावरही ठरते. दोन्ही मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की जादा दूध देणारी गाय चारा कमी खाऊ लागते, धापा टाकते, दूध चोरते, माज दाखवत नाही. वालावलात वर्षातले बहुतेक दिवस हा निर्देशांक त्याच्या वर असतो. दिवसाला वीस लिटर दूध तयार करणारे शरीर स्वतःच भट्टीसारखी उष्णता बाहेर टाकत असते. दोन लिटरवालीला तो जाच नाही. गोचीड तापही आपल्याकडच्या गुरांच्या मानाने विदेशी रक्ताच्या जनावरांना फार लवकर लोळवतो.

दुसरी अडचण चाऱ्याची. कोल्हापुरात ऊस आहे, उसाचे वाडे आहे, बारमाही पाणी लागलेला मका आहे. ‘गोकुळ’ हा १९६३ सालचा संघ दिवसाला पंधरा लाख लिटरच्या आसपास दूध गोळा करतो त्यामागे पंचगंगेचे पाणी आहे. कोकणात जून ते सप्टेंबर गवत भरपूर, पण त्यात बहुतांश पाणीच. आणि उन्ह पडून ते कापावे तोवर ते जून होऊन काडी बनलेले. राहतो भाताचा पेंढा. त्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने नाममात्र, आणि जी द्रव्ये त्यात आहेत ती अंगातला कॅल्शियमच खाऊन टाकतात. जांभ्या दगडाची आमची माती फॉस्फरसाला कृपण, म्हणून तिच्यावरचे गवतही तसेच. मग एचएफला जगवायची तर गोळीपेंड, सरकीपेंड पोत्यांनी घाटावरूनच आणायची. दुधाऐवजी पेंड घाट उतरते, एवढाच फरक पडतो.

तिसरी अडचण हिशेबाची. राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले, पुढे ऑक्टोबरपासून ते सात रुपये केले. मिळाले कुणाला? ज्याने सहकारी वा खासगी प्रकल्पाला दूध घातले, ज्याच्या गायीच्या कानात बिल्ला होता आणि ऑनलाइन नोंद होती, त्याला. वालावलात जी बाई सकाळी चार घरांना रतीब घालते तिचे दूध सरकारच्या लेखी दूधच नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याने देशी गायींना ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. घरच्या गोठ्यात दोन कपिला सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्यातला रुपयाही नाही. गाय गोशाळेत गेली की तिला पैसे, घरात राहिली तर नाहीत. देशी गाय टिकवायची असेल तर ती पैदास होणाऱ्या गोठ्यात टिकते. गोशाळा हा तिचा शेवटचा मुक्काम असतो. हा निर्णय बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मी वर शेणाचा उल्लेख केला, तो मुद्दाम. वालावलचा प्रश्न दुधाच्या बाजूने सोडवायला गेले की तो सुटत नाही. शेणाच्या बाजूने गेले की दारे उघडतात. डच शेतकरी ज्या शेणाला कंटाळला आहे ते इथे आंबा-काजूचा बागायतदार विकत घेतो. ‘दूध नको, पण शेणासाठी तरी गाय व्हयी’ असे म्हणणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचा हिशेब पशुसंवर्धनाच्या तक्त्यांपेक्षा पक्का आहे. याच तालुक्यात झारापला डॉ. प्रसाद देवधरांची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था आहे. तिने सिंधुदुर्गात घराघरांतून हजारो बायोगॅस उभारून दिले. एक घनमीटरच्या लहान संयंत्राला रोज पंचवीस किलोच्या आसपास ताजे शेण लागते. लहान चणीची गाय दिवसाला आठ-दहा किलो देते. म्हणजे तीन गुरे असली की तीन-चार माणसांचा स्वयंपाक चालतो, सिलिंडर वाचतो, लाकडासाठी डोंगर चढणे थांबते, आणि संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी थेट माडाला, भाजीला जाते. डेन्मार्क ज्या मिथेनवर कर लावणार आहे त्यातला शेणातून निघणारा मिथेन इथे चुलीत जळतो.

या हिशेबात दोन लिटरवाली गाय तोट्याची राहत नाही. दूध घरात, उरले तर शेजारी, गॅस चुलीला, खत बागेला, पाडी झाली तर विकायला. पाड्याचा प्रश्न उरतो, आणि तिथे विज्ञानाची मदत हवी. युरोपात गोऱ्हा नको म्हणून ज्या तंत्राने कालवडी जन्माला घालतात तेच तंत्र आपल्या राज्यात एचएफ-जर्सीसाठी अनुदानावर मिळते. कोकण कपिलेच्या निवडक वळूंची तशी रेतमात्रा तालुक्याच्या दवाखान्यात सहज मिळाली, तर गोठ्यात नको असलेला पाडा क्वचितच जन्माला येईल आणि कपिलेचे दूधही पिढीमागे थोडे थोडे वाढेल. निळेलीला कळप आहे, दापोलीला माणसे आहेत. वालावलपर्यंत पोचणारी साखळी तेवढी बांधायची आहे. दोन लिटरचे तीन लिटर झाले तर वीस लिटरच्या स्वप्नापेक्षा त्या गावाचे जास्त भले होईल, असे मला ठामपणे वाटते.

ज्यांना दूध हाच धंदा करायचा आहे त्यांना मी अडवत नाही. नदीकाठी पाणी असलेले, संकरित नेपियर लावू शकणारे, पावसातला हिरवा चारा पिशवीत दाबून मुरघास करू शकणारे शेतकरी म्हशी पाळतातच. कुडाळच्या हॉटेलांना आणि घरांना ताजे दूध हवे आहे, आणि पिशवीपेक्षा चार पैसे जास्त द्यायला लोक तयार असतात. पण तो मार्ग मोजक्यांचा. बाकीच्या वाडीसाठी गाय घरात परत यायची तर ती घरच्या कामाची म्हणूनच येईल.

बलिप्रतिपदेला आमच्याकडे गुरांचा पाडवा असतो. गुरे धुऊन त्यांच्या अंगावर रंगाचे ठसे उठवायचे, गळ्यात झेंडूच्या माळा घालायच्या, पोळे खायला घालायचे. अंगणात शेणाचा गोठा करून त्यात कारीटाला काड्यांचे पाय लावून केलेली गुरे ठेवायची. कित्येक घरांत आता खरी गुरे नाहीत, कारीटाचीच आहेत, आणि शेण शेजारून मागून आणतात.

२१ वी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. तिचे आकडे गावनिहाय बघा, आणि गायी किती याबरोबर त्यांतल्या कपिला किती, वासरे किती, त्या कुणाच्या घरी, हेही ग्रामसभेत विचारा. आणि हा लेख मुंबईत, ठाण्यात, पुण्यात वाचत असलेल्या वालावलकरांना एक विनंती. गावची तुमची जमीन पडीक आहे. सातबारावर पंधरा नावे आहेत आणि जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर तो कूळ लावील, या भीतीने तुम्ही ती कुणाला देत नाही. ही भीती खरी आहे. म्हणून शिमग्याला गावी जाल तेव्हा भाऊबंदांना एकत्र बसवा, वकिलाचा सल्ला घ्या, आणि त्या जमिनीवरचे गवत व वैरण काढून नेण्याचा लेखी करार पाच वर्षांसाठी अशा शेजाऱ्याशी करा, ज्याच्या गोठ्यात अजून दोन गायी बांधलेल्या आहेत.